लाल विटेचं काळं पोट

वसई–दिवा मार्गावर खारबावला उतरून गावाबाहेर पडलं, की पावसाळा सोडून इतर दिवसांत वीटभट्टी दिसायला वेळ लागत नाही. हिला धुराडं नाही, कायमची भिंत नाही. कच्च्या विटाच एकावर एक रचायच्या, मधे कोळसा नि भाताचं तूस घालायचं, बाहेरून चिखलाने लिंपायचं आणि खालून पेटवायचं. विटा हेच यंत्र, विटा हाच माल. भाजून झाली की भट्टीच ट्रकात भरून जाते.

उलगडलेल्या भट्टीजवळ एक फुटकी वीट उचलली. कडा शेंदरी, मधे बोटभर काळंकरडं पोट. हे कच्चं राहिलंय असं मला वाटायचं. खरं तर ते कोंडलेलं असतं.

मातीतलं लोह भाजून लाल होतं, तेव्हा त्याच्या दर 12 अणूंमागे ऑक्सिजनचे 18 असतात. मातीत कोळशाची भुकटीही मळलेली असते. आच भराभर चढली तर विटेची साल आधी घट्ट होते, बाहेरची हवा आत पोचत नाही, आणि आतला कोळसा जळण्यासाठी लोहाचाच ऑक्सिजन ओरबाडतो. 18चे 16 झाले की काळं मॅग्नेटाइट. चुंबक त्याला ओढतो. आणखी ओरबाडलं तर उरतात 12. या बारावाल्या लोहाची खोड अशी, की त्याच्या संगतीत माती लवकर वितळते. आगीच्या तोंडाशी विटा चिकटून खंगर होतात, त्यात आचेसोबत याचाही हात असतो.

लोहाचा ऑक्सिजन असा घटला, तरी रसायनवाले याला सबऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनची टंचाई असलेलं ऑक्साइड, म्हणणार नाहीत. त्यांच्या लेखी रुबिडियमच्या 9 अणूंमागे 2, सीझियमच्या 11 मागे 3 ऑक्सिजन, अशी खरी टंचाई हवी. ती संयुगं हवेत टिकतही नाहीत. विटेचं पोट भिंतीत वर्षानुवर्षं काळंच राहतं.

हवेची हीच कोंडी विदर्भातल्या लोहयुगीन कुंभारांनी मुद्दाम साधली. माहूरझरी, टाकळघाट-खापा इथल्या उत्खननांत काळी-तांबडी भांडी निघाली: हवा मिळाली तिथे लाल, कोंडली तिथे काळी.

खारबावकडच्या भट्ट्यांवर हे कुणी मुद्दाम करत नाही. दिवाळीनंतर उचल घेऊन कातकरी कुटुंबं येतात, पावसाच्या तोंडापर्यंत भोंग्यात, म्हणजे भट्टीजवळच्या झोपडीत, राहतात. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने. माझ्या हातातला तुकडा एका बाईने मागून घेतला, उलटसुलट पाहिला आणि चुलीला तिसरा दगड म्हणून लावला.