बदलले तेवढेच पुन्हा : सॉफ्टवेअर-बांधणीतील अवलंबित्व

प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर, म्हणजे सोर्स कोड, संगणक बहुधा थेट चालवू शकत नाही. सी भाषेत कम्पायलर प्रत्येक सोर्स फाइलीपासून यंत्रभाषेतील एक ऑब्जेक्ट फाइल तयार करतो आणि लिंकर अशा सर्व फायली जोडून चालवता येण्याजोगा प्रोग्राम सिद्ध करतो. या प्रक्रियेला ‘बिल्ड’ म्हणतात. हजारो फायलींच्या प्रकल्पात एका ओळीतील बदलासाठी सगळे पुन्हा कम्पाइल करणे परवडत नाही, आणि नेमके काय कम्पाइल करायचे हे माणसाच्या स्मरणावर सोडले, तर चूक अटळ ठरते.

अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ ही प्रणाली लिहिली, ती अशाच चुकीमुळे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी सोर्समधील दोष दुरुस्त केला होता, परंतु ती फाइल पुन्हा कम्पाइल झालीच नव्हती, त्यामुळे आधीच सुधारलेला दोष शोधण्यात त्यांची सकाळ वाया गेली. ‘मेक’ला लागणारी माहिती मेकफाइल नावाच्या फाइलीत असते : कोणती फाइल तयार करायची, ती कोणत्या फायलींवर अवलंबून आहे आणि ती कोणत्या आज्ञेने तयार होते. तयार फाइल अजून नसेल, किंवा तिच्यापेक्षा तिचा एखादा आधार नंतर बदललेला आढळला, तरच ती आज्ञा पुन्हा चालवली जाते.

ही पद्धत दिलेल्या यादीवर मात्र पूर्ण विसंबते. समजा, बँकेच्या प्रोग्राममधील खात्याची रचना एका हेडर फाइलीत, म्हणजे अनेक सोर्स फायली वापरतात अशा सामायिक फाइलीत, आहे आणि खातेक्रमांक व शिल्लक यांच्या मध्ये शाखाक्रमांकाची नवी जागा घातली. व्याज आकारणाऱ्या फाइलीचे या हेडरवरील अवलंबित्व यादीत नसेल, तर तिची जुनी ऑब्जेक्ट फाइल तशीच जोडली जाते, लिंकर तक्रार करत नाही आणि शाखाक्रमांकालाच शिल्लक समजून व्याज काढले जाते. उलट, नको ती अवलंबित्वे नोंदवली, तर केवळ वेळ वाया जातो.

म्हणून यादी हाताने लिहिण्याऐवजी, कम्पाइल करताना कोणकोणते हेडर उघडले याची नोंद जीसीसीसारख्या कम्पायलरकडूनच करून घेतली जाते. पहिल्या बिल्डला ती नसली तरी बिघडत नाही, कारण तेव्हा सगळेच कम्पाइल व्हायचे असते. गूगलने २०१५ मध्ये खुली केलेली ‘बेझेल’ ही प्रणाली वेळेऐवजी हॅश, म्हणजे फाइलीतील मजकुरावरून काढलेली छोटी खूण, ताडून पाहते. शिवाय तिच्या बंदिस्त आवारात न नोंदवलेली फाइल आज्ञेला दिसतच नाही, त्यामुळे राहून गेलेली नोंद चुकीच्या उत्तरात दडून न राहता बिल्ड तिथेच अडवते.

शंका आली की सगळ्या ऑब्जेक्ट फायली पुसून पहिल्यापासून बिल्ड करण्याचा प्रघात आजही आहे. तो एखाद्या प्रकल्पात किती वेळा पाळावा लागतो, यावरून तेथील अवलंबित्वाच्या नोंदी कितपत भरवशाच्या आहेत हे सहज ताडता येते.