डोंगर राखी तो पाणी चाखी

सन २०१६ ची गोष्ट. लातूर शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाऊस कमी झाला, हे खरे. पण जो पडला, तो तरी आपण धरून ठेवला का?

लातूर जिल्ह्याचा बराच भाग आणि नांदेडकडचा कंधार-मुखेडचा भाग बालाघाटच्या डोंगरात येतो. डोंगर उघडा असला म्हणजे काय होतं? पाणी पळत सुटतं. जाताना माती घेऊन जातं. तळे गाळाने भरते आणि विहीर रिकामी राहते. डोंगरावर गवत असले म्हणजे पाण्याचा पाय अडखळतो. ते जमिनीत मुरते. मुरलेले पाणी पुढे विहिरीला लागते.

म्हणून काम माथ्यापासून सुरू करावे. उतारावर आडवे चर खणावेत. चर एका पातळीत हवा. तिरका झाला तर पाणी एका टोकाला जमते आणि चर फोडते. निघालेली माती खालच्या अंगाला टाकावी. तिच्यावर गवताचे आणि सीताफळाचे बी पेरावे. सीताफळाच्या पाल्याला शेळी सहसा तोंड लावत नाही.

चर खणले, की काम संपलं का? नाही. गवत उगवते न उगवते तोच गुरे शिरतात. साऱ्या डोंगराला तारेचे कुंपण कोण घालणार? खरे कुंपण गावाच्या शब्दाचे.

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार हे गाव आहे. तिथेही पाऊस थोडा. डोंगर बोडके झाले होते. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने ग्रामसभेत नेम केले. झाड तोडायचे नाही. डोंगरावर गुरे सोडायची नाहीत. श्रमदान करायचे. गवत कापून आणायला मात्र मोकळीक ठेवली. पाऊस मोजून पिके ठरवायची रीतही घातली. विहिरींना पाणी आले. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली.

आता कोणी विचारील, "डोंगर बंद केला तर आमच्या शेळ्यांनी खावं काय?" प्रश्न रास्त आहे. ज्याला शेत नाही, त्याचा संसार शेळीवर चालतो. म्हणून सगळा डोंगर एकदम बंद करू नये. एक बाजू दोन-तीन पावसाळे राखावी, दुसरी मोकळी ठेवावी. राखलेले गवत कापताना पहिला विळा भूमिहीनाचा असावा. गरिबाचे पोट मारून केलेला नेम टिकत नाही.

डोंगर वनखात्याचा असला तर आधी त्यांना विचारावे. किनवट-माहूरकडच्या जंगलातल्या गावांना २००६ चा वनहक्क कायदा उपयोगी आहे. सामूहिक दावा मंजूर झाला, की जंगल राखायचा हक्क ग्रामसभेला मिळतो.

तेव्हा मंडळी, येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. बायांना आवर्जून बोलवा. पाण्याचा हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो. तळे राखी तो पाणी चाखी, अशी जुनी म्हण आहे. आम्ही म्हणतो, तळ्याच्या आधी डोंगर राखा.