गाणाऱ्या मुलांचा आवाज कसा जपावा?



स्नेहसंमेलनाची तालीम सुरू झाली की आठवड्याभरात निम्म्या वर्गाचा घसा बसतो. मग घरून खडीसाखर, ज्येष्ठमध येतं. त्यात वाईट काही नाही, घशाला तेवढंच बरं वाटतं. पण गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं आणि आवाज तयार होतो श्वासनलिकेच्या तोंडाशी, स्वरयंत्रात. तिथं दोन स्वरतंतू असतात. लहान मूल साधं बोलतं तेव्हाही ते सेकंदाला साधारण अडीचशे-तीनशे वेळा एकमेकांवर आदळतात. ओरडलं की हे आदळणं जोराचं होतं, तंतू सुजतात, नीट मिटत नाहीत. म्हणून आवाज घोगरा येतो. तरीही ओरडणं चालूच राहिलं तर तिथं बारीक गाठी धरू शकतात.

हे मला उशिरा कळलं. चौथीतली एक मुलगी समूहगीतात पुढं होती. तिचा घसा बसलेला दिसत असूनही मी रोज म्हणायचे, "बाळा, जरा जोर लाव, मागं ऐकू येत नाही." कार्यक्रमाच्या दिवशी तिच्या तोंडून नुसती हवा आली. चूक माझी, रडली मात्र ती.

नंतर विचार केला तेव्हा ध्यानात आलं, पट्टीच चुकली होती. धृपद सोपं जातं म्हणून आपण पेटी उंच धरतो आणि अंतरा वर गेला की पोरं गात नाहीत, ओरडतात. आता मी आधी गाण्यातली सगळ्यात उंच ओळ म्हणवून घेते. हनुवटी वर गेली, मानेच्या शिरा दिसल्या की पट्टी खाली. गुरुजींनी स्वतःच्या खर्जात म्हणून दाखवलं तर मुलं तसाच जाड आवाज काढायला बघतात. त्यांनी सूर पेटीवर द्यावा.

दुसरी गोष्ट मी आपल्या तुळजापूरकडच्या गोंधळातून उचलली. गोंधळ रात्रभर चालतो, पण मुख्य गोंधळी सलग गात नाही. तो ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, मध्ये संबळ वाजतो, कथा होते. तेवढ्यात त्याचा गळा विसावतो. वर्गाचे तीन गट केले, एक गाणारा, एक झील धरणारा, एक नुसता ताल देणारा, आणि ते फिरवले की तालीम तेवढीच होते, घसे बसत नाहीत.

घसा बसलाच तर दोन-तीन दिवस गाणं बंद, बोलणंही कमी. कुजबुजूनही बोलायला लावू नका, त्यातही ताण पडतो. सारखं खाकरणं टाळायचं, दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं. मळणी चालू असेल तर त्या धुळीत मुलाला उभं करू नका. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर एक दिवसही थांबू नका.

"सराव बुडाला तर गाणं विसरेल ना मॅडम?" असं पालक विचारतात. किशोरी आमोणकरांचा आवाज ऐन उमेदीत गेला होता, त्यांना काही काळ गाणं थांबवावं लागलं. त्यांचं मोठं गाणं त्यानंतरचं आहे. आपल्या लेकराचे तर तीनच दिवस जाणार. तेवढ्यात त्यानं गाणं मनातल्या मनात म्हणावं, हातावर ताल धरावा. माझ्या वर्गात अशा मुलांना मी मंजिऱ्या देते, आणि खरं सांगू, त्यासाठी घसा बसल्याचं सोंग करणारीही दोघं-तिघं निघतात.