आपापलं आणा, एकत्र बसा!

शेवटचा पेपर झाला त्या रात्री ग्रुपवर एक फोटो पडला. दौंडच्या मैत्रिणीची मावसबहीण मेलबर्नला शिकते, तिनं पाठवलेला. लांबलचक टेबल, मधोमध अफगाणी पुलावाचा डोंगर, भोवती दहा-बारा पोरं-पोरी आणि समोर वाइनचे ग्लास. खाली लिहिलं होतं, ‘बीवायओ’. म्हणजे ‘ब्रिंग युवर ओन’. ऑस्ट्रेलियात हा प्रकार सर्रास चालतो. जेवण हॉटेलचं, वाइनची बाटली आपली. बाटली उघडून ग्लास देण्याचे थोडेफार पैसे हॉटेल घेतं.

‘आपण पण करू!’ शिरूरकरांचा लगेच मेसेज.

आमचा ग्रुप सात जणांचा. चौघं दौंड तालुक्यातले, तिघं शिरूरचे, पुण्यात एकाच कॉलेजात. वाइनचं म्हणाल तर ती आमच्या दौंड तालुक्यातच बनते. पाटसहून बारामतीकडे जाताना रोटी गावाजवळ फोर सीझन्सची वायनरी आहे. ‘गावाचं नाव रोटी आणि फेमस वाइन’ हा जोक आमच्यात किमान शंभर वेळा मारून झालाय.

पण जोक वेगळा आणि कायदा वेगळा. महाराष्ट्रात वाइन आणि सौम्य बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, बाकी दारूसाठी २५. आमच्यात एकवीस झालेले दोघंच. शिवाय परवाना नसलेल्या ढाब्यावर बाटली घेऊन बसलं, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं ढाबेवाला आणि पिणारा असे दोघंही अडकतात. त्यात रात्री बाइकवरून परतायचं. बाटलीचा विषय तिथंच संपला.

‘मग नुसतं जेवायला जाऊ. बिल सात जणांत समान,’ कुणीतरी टाकलं. त्यावर शिरूरचा एक मित्र म्हणाला, ‘तुम्ही जा रे, माझी तब्येत बरी नाही.’

मागच्या वेळीही त्याची तब्येत अशीच बिघडली होती. त्याच्या आधीच्या पार्टीत त्यानं डाळ-राइस खाल्लेला आणि तंदुरी-कबाबच्या बिलाचा सातवा हिस्सा मुकाट्यानं दिलेला. तो सुट्टीत रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट करून फी भरतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तब्येतीचं कारण खोटं आहे हेही माहीत होतं. तरी कुणी बोललं नाही.

मार्ग काढला तो काबूलच्या मित्रानं. तो आमच्याच वर्गात आहे. पुण्याला अफगाण विद्यार्थी नवे नाहीत. भारत सरकारच्या आयसीसीआर शिष्यवृत्तीवर कितीतरी जण इथं शिकून गेलेत. तो म्हणाला, ‘हॉटेल कशाला? पुलाव मी करतो. तुम्ही आपापलं आणा.’

चौफुल्याजवळ एकीचं शेत आहे, ते ठरलं. शिरूरकर न्हावऱ्यामार्गे आले, काबूलचा पाहुणा पुण्याहून ट्रेननं केडगावला उतरला. कुणी भाकरी आणल्या, कुणी ठेचा, कुणी गुऱ्हाळावरचा ताजा गूळ. मटणाच्या पैशांसाठी एक झाकणाचा डबा ठेवला. ज्याला जमेल तेवढे त्यानं टाकायचे, कुणी किती टाकले ते बघायचं नाही. रांजणगाववाला पिशवीभर गाजरं घेऊन आला. घरच्या शेतातली.

काबुली पुलावाचा जीवच गाजरात असतो. आधी कांदा-मसाल्यात मटण शिजवायचं, त्याच रश्श्यात अर्धवट शिजलेला तांदूळ दमावर ठेवायचा. गाजराच्या बारीक काड्या आणि मनुका थोड्या साखरेवर परतून वर पेरायच्या. साखरेऐवजी आम्ही गूळ वापरला. शाकाहारींसाठी बोलानी, म्हणजे बटाटा आणि कांद्याची पात भरलेली पातळ पोळी. सोबत ‘दोघ’. ‘दोघं कोण?’ असं एकानं विचारलंच! दोघ म्हणजे पुदिना घातलेलं खारं ताक.

मित्राच्या फोनवर सारखे व्हॉइस मेसेज येत होते. काबूलहून त्याची बहीण सूचना देत होती. गाजर जाड चिरलंय, फोटोत दिसतंय, असं म्हणते म्हणाला. आम्ही हसलो. ‘कुठल्या वर्षाला आहे ती?’ दौंडच्या मैत्रिणीनं विचारलं. ‘होती,’ तो म्हणाला. तालिबाननं डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठं बंद केली. सहावीपुढची शाळा त्याआधीच, २०२१ पासून बंद आहे. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग मैत्रिणीनं त्याचा फोन घेतला आणि हिंदीत मेसेज पाठवला, ‘दीदी, गाजर फिर से काट रहे हैं।’ आणि खरंच पुन्हा बारीक चिरायला बसली.

जेवण टेबलावर नव्हतं. जमिनीवर चादर अंथरली, मधोमध मोठी परात ठेवली आणि सगळे भोवती बसले. अफगाणिस्तानात या पसरलेल्या चादरीला दस्तरखान म्हणतात. समोर एकच परात असली की कोण काय ऑर्डर करतंय हा प्रश्नच येत नाही. बिल येत नाही, त्यामुळे मोबाइल काढून कुणी भागाकारही करत नाही. दौंडच्या मैत्रिणीला आठपर्यंत घरी पोचायचं होतं, म्हणून सगळेच साडेसहाला जेवलो. तिच्यासाठी वेगळं ताट आधी वाढावं लागलं नाही.

आपल्या पार्ट्यांमध्ये ‘समान वाटणी’ हा शब्द फार सोपा वाटतो. खिसे समान नसतात, घरी पोचायच्या वेळा समान नसतात आणि प्रत्येकाचं खाणंही वेगळं असतं. ते लक्षात न घेता समान वाटलं, की एकेक जण ‘तब्येती’चं कारण सांगून गळायला लागतो. पुढचा प्लॅन करताना ग्रुपमध्ये कोण गप्प आहे, ते आधी बघा. जागा आणि बजेट त्यानंतर ठरवा.

त्या रात्री घरी पोचल्यावर ग्रुपवर पहिला मेसेज रांजणगाववाल्याचा होता.

‘पुढच्या रविवारी माझ्याकडे. गाजरं अजून आहेत.’