ट्रॉलीला इंजिन नाही, मग पासिंग कशाला?

समजा, वीटभट्टीवाल्या दादाने जुना ट्रॅक्टर ट्रॉलीसकट घेतला. ट्रॅक्टरचं आरसी आहे, ट्रॉलीचं नाही. चालतं का? नाही! मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉलीसुद्धा 'मोटार वाहन'च, म्हणून तिची नोंदणी वेगळी. शिवाय कलम ६१ म्हणतं, ट्रॉलीवर ट्रॅक्टरचा नंबरही हवा. दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर.

खरी गोम पुढेच आहे. शेतीसाठी पासिंग केलेली ट्रॉली शेतमालासाठी असते. तिच्यातून भाड्याने विटा वाहताना अपघात झाला, तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते आणि भरपाई मालकाच्या गळ्यात पडू शकते. म्हणून दोन्ही आरसी बघा, वापर कशासाठी लिहिलाय ते वाचा, मगच टोकन द्या.