टर्बो बसवला, पण पंपाला कोण सांगणार?

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. दहावीनंतर आयटीआय केलं, आता एका गॅरेजवर उस्तादच्या हाताखाली शिकतोय. चेहरा उतरलेला. घरी एक जुनी डिझेल जीप, तिच्यावरच अब्बांचा धंदा. घाटात दम तोडते म्हणून भंगार बाजारातून टर्बो आणून दुसरीकडे बसवून घेतला. "सर, आठ दिवस मस्त पळाली. मग धूरच धूर, आणि बंद." इंजिन खोललं तर एक पिस्टन वरून वितळलेला.

मी विज्ञान शिकवतो, मिस्त्री नाही. पण आपल्या कितीतरी घरांची रोजीरोटी जुन्या डिझेल गाड्यांवर चालते, म्हणून हे नीट समजून घेतलं आणि लिहितोय.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरणारा पंखा. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. ताकद मात्र हवेतून येत नाही, डिझेलातून येते. हवेमुळे जास्त डिझेल जाळायला जागा मिळते, इतकंच. नुसता टर्बो बसवून पंपाला हात लावला नाही तर गाडीचा धूर कमी होतो, पिकअपमध्ये फारसा फरक पडत नाही. मग मिस्त्री म्हणतो, "थोडं डिझेल वाढवू." खरी गडबड इथून सुरू होते.

1 ग्रॅम डिझेल पूर्ण जळायला साधारण 14.5 ग्रॅम हवा लागते. सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा नीट मिसळायला वेळच मिळत नाही, म्हणून प्रत्यक्षात 18 ते 20 ग्रॅम हवा हाताशी नसेल तर काळा धूर येतो. पेट्रोलच्या जुन्या कार्बोरेटरमध्ये हवाच पेट्रोल ओढून घ्यायची. डिझेल पंपाला हवेची खबरच नसते. तो अ‍ॅक्सिलरेटर आणि इंजिनाचा वेग बघून डिझेल मोजतो.

बॉशचा व्हीई नावाचा रोटरी पंप घ्या. (आपल्याकडचे जुने मिस्त्री बॉशला अजूनही मायको म्हणतात.) त्यात एकच प्लंजर सगळ्या सिलिंडरांना आळीपाळीने डिझेल देतो. प्लंजरला आडवं भोक असतं, त्यावर एक सरकती रिंग. भोक रिंगेबाहेर आलं की दाब सुटतो आणि डिझेल थांबतं. रिंग जितकी पुढे, तितकं भोक उशिरा उघडतं आणि तितकं डिझेल जास्त. पंपाच्या मागचा फुल लोडचा स्क्रू आत घेतला की रिंग पुढे सरकते. त्या जीपला बसवणाऱ्याने नेमका हाच स्क्रू पाऊण फेरा आत घेतला होता.

पण टर्बो कमी वेगात हवा देतच नाही. घाटाच्या तळाशी, गाडी भरलेली, इंजिन हळू, तेव्हा टर्बो झोपलेला आणि पंप मात्र पूर्ण डिझेल ओततोय. काळा धूर निघतो आणि जळण्याची उष्णता वाढत जाते. वर चढून टर्बो जागा झाला तरी डिझेल इतकं वाढवलेलं की हवा पुरत नाही. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी.

टर्बोच्या पंपात म्हणूनच वर एक डबी असते, तिला एलडीए म्हणतात. आत रबरी डायाफ्राम, खाली स्प्रिंग, मध्ये निमुळती पिन. मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी डबीवर येते. टर्बोचा दाब वाढला की डायाफ्राम खाली दबतो, पिन उतरते, तिच्या उतारावर टेकलेला तुकडा आत सरकतो आणि लिव्हर रिंगेला पुढे जाऊ देतो. हवा आली तरच डिझेल, नाहीतर नाही. पंपाला हवेची खबर देणारी हीच ती गोष्ट.

ही डबी साध्या पंपावर नुसतं झाकण बदलून बसत नाही, आतले लिव्हरही जुळायला लागतात. माझ्या मते टर्बो इंजिनाचाच पंप शोधावा आणि पंप रूममध्ये टेस्ट बेंचवर लावून घ्यावा. बेंचवर 1000 स्ट्रोकला किती घन सेंटीमीटर डिझेल पडतं ते मोजतात, आधी दाबाशिवाय, मग दाब देऊन. कानाने आणि धुराने केलेलं सेटिंग म्हणजे अंदाज.

1980 च्या दशकात जर्मनीत फोक्सवॅगनने गोल्फच्या 1588 सीसी डिझेल इंजिनाला टर्बो दिला, ताकद 54 वरून 70 अश्वशक्ती झाली. पण सोबत एलडीएचा पंप आला, नोझलचा दाब सुमारे 130 बारवरून 155 वर गेला, पिस्टनला खालून तेलाची फवार दिली. आपल्या जुन्या जीपला ती फवार नाही. म्हणून टर्बोचा दाब 0.5 बारच्या आसपास ठेवावा आणि टर्बोच्या आधी तापमान दाखवणारं मीटर बसवावं. लांब चढावर काटा 700 कडे जायला लागला की पाय काढायचा.

आणखी एक. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारे बदल करू देत नाही. आधी आरटीओत विचारा. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच बोट दाखवेल.

मुलाने आता भंगारातूनच टर्बोचा पंप मिळवलाय. परवा डबी उघडून दाखवली, डायाफ्रामच्या कडेला केसाएवढी चीर. अशी चीर असली की दाब गळतो, डिझेल वाढत नाही आणि लोक परत मागचा स्क्रू फिरवायला धावतात. नवीन डायाफ्राम मागवलाय. अब्बा रोज विचारतात, घाट कधी चढायचा?