संगणकाचे डोके थंड ठेवताना

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मदरबोर्डविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु प्रबंध, अनुवाद, ध्वनिमुद्रित ओव्यांचे लेखन ही सारी कामे आज आपण संगणकावरच करतो. आपल्यापैकी काही जण तर सुटे भाग जमवून स्वस्तात यंत्र उभे करतात. असे यंत्र ऐन कामात बंद पडले की न साठवलेला मजकूर गेलाच म्हणून समजा! पुष्कळदा त्याचे कारण अगदी साधे असते. पंख्याची किंवा पंपाची वायर भलत्याच जागी जोडलेली असते. ती योग्य जागा कोणती, एवढेच येथे सांगायचे आहे.

प्रथम, ही उष्णता येते कोठून? प्रोसेसर जी वीज घेतो ती जवळजवळ सगळी अखेर उष्णतेतच बदलते. इंटेलचा १९७८ सालचा ८०८६ हा प्रोसेसर पंख्याशिवाय चालत असे. १९९३ च्या पहिल्या पेंटियमला सुमारे १५ वॅट लागत. २०२२ साली आलेला कोअर आय-९ १३९००के मात्र पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत वीज घेतो. शंभर वॅटच्या जुन्या अडीच दिव्यांची उष्णता टपाल तिकिटाहून लहान चकतीत कोंडावी, तसाच हा प्रकार आहे. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की असा प्रोसेसर आपली गती कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद पडते.

या उष्णतेला वाट काढून देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रोसेसरवर धातूच्या पात्यांचा हीटसिंक बसवतात आणि पंखा त्यावर वारा घालतो. दुसरीत पंप द्रव फिरवतो. द्रव उष्णता घेऊन रेडिएटरकडे जातो आणि तेथे पुन्हा पंख्यांचाच वारा ती बाहेर टाकतो. म्हणजे द्रव उष्णता नाहीशी करीत नाही, केवळ वाहून नेतो. कोणतीही पद्धत घ्या, खोलीतील हवेपेक्षा अधिक थंडावा तिच्याने मिळत नाही. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांवर असताना, जोडणीतील लहानशी चूकही म्हणूनच भोवते.

आता पिनांकडे वळू. पंख्याच्या प्लगला तीन किंवा चार छिद्रे असतात. पहिली तार ऋण, दुसरी १२ व्होल्टची आणि तिसरी पंखा किती फिरतो हे मदरबोर्डला कळवणारी. चौथी तार वेगाची आज्ञा आणते. चार तारांच्या पंख्याला १२ व्होल्ट सतत मिळतात. वेग ठरतो तो चौथ्या तारेवरील स्पंदनांवरून, आणि ही स्पंदने सेकंदाला सुमारे २५,००० असतात. तीन तारांच्या पंख्याचा वेग मात्र व्होल्टेज कमी-अधिक करूनच बदलावा लागतो. तीन छिद्रांचा प्लग चार पिनांवर बसतो. पण बायोसमध्ये त्या जागेसाठी 'डीसी' हा पर्याय निवडला नाही, तर पंखा पूर्ण वेगाने घोंघावत राहतो.

प्रोसेसरचा पंखा 'सीपीयू फॅन' असे लिहिलेल्या पिनांवरच जोडावा. यंत्र सुरू होताना मदरबोर्ड तेथेच पंख्याची चाहूल घेतो. ती लागली नाही तर बहुतेक मदरबोर्ड पडद्यावर इशारा देऊन थांबतात. पेटीचे पंखे 'सिस फॅन' किंवा 'चॅसिस फॅन' येथे जोडावेत.

द्रवशीतकात रेडिएटरचे पंखे सहसा 'सीपीयू फॅन'वर आणि पंप 'एआयओ पंप' येथे जोडतात. पंपाला मात्र तापमानाप्रमाणे मंदावू देऊ नये. बायोसमध्ये त्याचा वेग पूर्ण ठेवावा. काही पंप वीज थेट पॉवर सप्लायच्या साटा वायरीतून घेतात. त्यांची मदरबोर्डकडे जाणारी बारीक तार केवळ वेग कळवते. ती जोडली आणि साटा विसरली, तर पंप फिरणारच नाही. शीतकासोबतच्या पुस्तिकेत जोडणी निराळी दिली असेल, तर पुस्तिकेचेच ऐकावे.

एका जागेवर किती पंखे चालतील? मदरबोर्डवरील अशी जागा साधारणतः १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट, देऊ शकते. पंख्यावर ०.२ अँपिअर लिहिले असेल तर दुहेरी-तिहेरी वायरीने तीन पंख्यांचे मिळून ०.६ अँपिअर होतात, चिंता नको. मात्र वेगाची खबर त्यांपैकी एकाच पंख्याची मिळते. रंगीत दिव्यांच्या वायरी निराळ्या : ५ व्होल्टच्या दिव्यांना १२ व्होल्ट मिळाले तर ते जळतात. प्लग जोर लावून बसवू नये.

बसवतानाही काही पथ्ये आहेत. आधी वीज बंद करून प्लग काढावा. शीतकाच्या तळाची प्लॅस्टिकची पातळ फिल्म न विसरता सोलावी. वारा पंख्याच्या आधारदांड्या असलेल्या बाजूने बाहेर पडतो, हे ध्यानी धरून पंख्याची दिशा ठरवावी. पुढून हवा आत आणि मागून-वरून बाहेर, हा सर्वसाधारण नियम. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असावा. नळ्यांतील हवा वर चढते. पंपच सर्वांत उंच असला तर ती त्यात अडकते.

यंत्र सुरू केल्यावर प्रथम बायोस उघडून फेरे आणि तापमान पाहावे. पंपासमोर शून्य दिसले तर तत्काळ यंत्र बंद करून वायरी तपासाव्यात. दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी चार गोष्टी पाहा : प्लगची जागा, बायोसमधील पर्याय, वाऱ्याची दिशा आणि पात्यांवरची धूळ. या चार गोष्टी पाहायला स्क्रूड्रायव्हर, विजेरी आणि अर्धा तास पुरतो. विज्ञान शाखेची पदवी लागत नाही.